शिफारस स्वीकारली आहे

माझं पोट सरकारी अहवालांवर चालतं. म्हणजे मी सरकारी नोकर नाही, तसली चैन आमच्या नशिबात कुठली. स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवणारे एक सर आहेत. त्यांच्यासाठी मी दिल्लीहून निघणारे इंग्रजी अहवाल वाचते आणि मराठीत सारांश करून देते. माझ्या वाट्याला आलेले विषय दोन, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण. रावेतच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून मी सीमेवरच्या चौक्या, पाणबुड्या, शेजाऱ्यांशी झालेले आणि फिसकटलेले करार असं सगळं चाळत असते, आणि खाली सोसायटीत पाण्याचा टँकर आला की ते सगळं तसंच टाकून भांडायला जाते. सरांचं म्हणणं एकच असतं, मॅडम, पोथी नको, परीक्षेत विचारतील तेवढंच ठेवा.

वाचून वाचून मला या अहवालांची भाषा कळायला लागली होती. परराष्ट्राच्या अहवालात सगळ्यांशी आपले संबंध सलोख्याचे असतात, आणि ज्यांच्याशी उभा दावा आहे त्यांच्याशी चर्चा सुरू असते. संरक्षणाच्या अहवालात कशाची टंचाई नसते, सुधारणेला वाव असतो. मला हसू यायचं. चहा घेता घेता मी नवऱ्याला वाचून दाखवायचे, आणि तोही मीटिंगचा आवाज बंद करून हसून घ्यायचा. भाऊ गेला त्यानंतर मला त्या भाषेचं हसू आलं नाही.

भाऊ माझ्याहून बराच धाकटा. लष्करात होता, रसद वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर. आमचं माहेरचं घर आळंदी रस्त्यावरच्या एका जुन्या गावात आहे. आता गाव कसलं, कमान तेवढी गावाची राहिलीय, आत सगळ्या बिल्डिंगी. त्याला अभ्यासाचा कंटाळा आणि स्टिअरिंगचं वेड. बारावी झाल्या झाल्या त्यानं भोसरी ते चाकण कंपन्यांच्या मालाचा टेम्पो चालवला आणि मग भरतीला उतरला. पोस्टिंग डोंगरातलं मिळालं. तिथून व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा चेहरा अर्धा टोपीत आणि अर्धा नेटवर्कमध्ये अडकलेला. मला म्हणायचा, ताई, तुझ्या त्या अहवालात आमच्या डाळीत मीठ कमी असतं ते लिहिलंय का बघ गं. मी म्हणायचे, तुझ्या डाळीवर स्वतंत्र समिती बसवायला सांगते.

तो गेला तेव्हा युद्ध नव्हतं. गोळी नाही, बॉम्ब नाही, समोर शत्रूही नाही. रस्त्याची दरीकडची कड खचली आणि ट्रक खाली गेला. फोन आला तेव्हा आई दारात मेथी निवडत बसली होती. तिनं फोन ऐकला, आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात दिला आणि परत मेथी निवडायला बसली. ती सगळी जुडी निवडून होईपर्यंत तिला कुणी हात लावू शकलं नाही.

अंत्ययात्रेला अख्खं गाव लोटलं. कमानीपासून घरापर्यंत फ्लेक्स लागले. एका फ्लेक्सवर त्याचा फोटो तळहाताएवढा आणि लावणाऱ्यांचे फोटो पाटाएवढे. आईनं त्याच्याकडे बघून मला विचारलं की ह्यात माझा कुठला. मी बोट दाखवलं. घोषणा झाल्या, पुढारी आले, बंदुकांची सलामी झाली. लष्कराची माणसं मात्र अदबीनं वागली, ते खोटं कशाला बोलू. शवपेटीबरोबर एक तरुण अधिकारी आला होता. त्याला आण्णांनी बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली, साहेब, रस्ता का खचला? तो म्हणाला, चौकशी होईल, आम्ही कळवू. आण्णांनी मान हलवली. चौकशी होणार म्हटल्यावर त्यांना जरा आधार वाटला, मला दिसलं ते.

याचं कारण आण्णांची नोकरी. त्यांची सगळी हयात चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत गेली. ट्रकला लागणारे लोखंडी पार्ट बनायचे तिथं. एखादा पार्ट खराब निघाला की त्याला लाल रंग फासून बाजूला ठेवायचा आणि मग शोधायचं की असं का झालं. या शोधण्याला त्यांच्याकडं व्हाय-व्हाय म्हणतात. पार्टला तडा का गेला? कारण भट्टीत जास्त तापला. का तापला? कारण काटा चुकीचा दाखवत होता. का दाखवत होता? असं 'का'ला 'का' लावत खाली खाली जायचं. त्याचे नियम असतात. माणूस चुकला असं कारण लिहिलं तर कागद परत. नशीब किंवा पाऊसपाणी लिहिलं तरी परत. ज्याला पाना लावता येईल, म्हणजे जे दुरुस्त करता येईल, असं कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही. आण्णा आमच्या लहानपणी दूध उतू गेलं तरी घरात व्हाय-व्हाय करायचे, आणि आई म्हणायची, गॅस बंद करा आधी, मग काय ते का-का करा.

काही महिन्यांनी कळवलं गेलं. सततच्या पावसानं कड भुसभुशीत झाली होती, अपघात होता, चालकाची काही चूक नव्हती, बाकी कुणाचीही नव्हती. जे मिळायचं ते सगळं मिळालं, कुठं अडवणूक झाली नाही. शेजारीपाजारी म्हणाले, त्याच्यावर ठपका नाही ठेवला हे चांगलं झालं. आण्णा मात्र बरेच दिवस धुमसत राहिले. त्यांचं म्हणणं, अपघात हे कारण नव्हे, अपघात म्हणजे काय झालं ते. का झालं ते कुठंय? आमच्याकडं असा कागद आणला असता तर मी तोंडावर मारला असता.

मग ते माझ्या मागं लागले. तू दिल्लीचे अहवाल वाचतीस ना, त्यात बघ. मी सांगून दमले की आण्णा, त्यात एकेका ट्रकचं नसतं हो, धोरणाचं असतं. ते ऐकेनात. दर रविवारी मी माहेरी जायचे, तेव्हा ओट्यावर खुर्च्या टाकून ते मला समोर बसवायचे. ट्रक त्या रस्त्यानं का गेला? तिथं वर चौक्या आहेत, त्यांना माल लागतो. एवढा जड माल का? वर फौज वाढवली. का वाढवली? इथं मला परराष्ट्राचा अहवाल काढावा लागायचा, कारण शेजारी देशाशी बिनसलं होतं. का बिनसलं? यावर दिल्लीतल्या मोठमोठ्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, मी त्याचं सार सांगायचे आणि आण्णा डोळे मिटून ऐकायचे. ऐकून झालं की म्हणायचे, ह्याला पाना न्हाई लागत. दुसरीकडून ये. मी परत ट्रकपाशी यायचे.

मला त्यांचा राग यायचा. खरंच यायचा. आठवडाभर तेच वाचायचं, तेच टाइप करायचं आणि रविवारी परत तेच. माझाही भाऊ होता तो. मला रडायचं असायचं आणि हे माझी परीक्षा घेत बसायचे. एकदा मी फटकन म्हटलं, कारण कळून तो परत येणार आहे का? आण्णा शांतपणे म्हणाले, तो न्हाई येणार. पण त्या रस्त्यानं उद्या दुसरा जाईल की. लाल पार्ट आपण भंगारात टाकतो, पण कारण काढून टाकतो, म्हणून तर त्या पार्टचं सार्थक होतं. माझं पोरगं नुसतं भंगारात गेलं असं मला म्हणू देऊ नका कुणी.

त्यानंतर मी वाद घातला नाही. त्यांना काय हवं होतं ते मला तेव्हा लख्ख कळलं. कड का खचली ते कुणीतरी लिहावं आणि ती जागा दुरुस्त व्हावी, म्हणजे त्यांचा मुलगा कशासाठी तरी गेला असं होणार होतं. एवढ्यावर ते जगत होते.

आणि मग तो अहवाल आला. सीमेवरच्या रस्त्यांवर संसदेच्या एका समितीनं केलेला. मी नेहमीसारखी भराभर पानं सरकवत होते आणि एका परिच्छेदावर थांबले. त्यात रस्त्याचं नाव नव्हतं, भागाचं होतं, आणि तो भाग भावाचाच होता. घाईघाईत रुंद केलेल्या रस्त्यांना दरीच्या बाजूनं आधाराच्या भिंती नाहीत, अवजड गाड्यांना धोका आहे, तर त्या लवकरात लवकर बांधाव्यात, असा त्याचा आशय. मी रविवारची वाट न बघता रिक्षा करून माहेरी गेले.

आण्णांनी मला तो परिच्छेद मराठीतून परत परत वाचायला लावला. मग चष्मा काढून पुसला आणि आईला हाक मारून सांगितलं की सापडलं. भिंत नव्हती. आई आतूनच म्हणाली, दिल्लीवाल्यांना आता कळलं व्हय. पण आण्णांना तिचं बोलणं ऐकूच आलं नाही. त्या दिवशी ते कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. भाकरी मागून घेतली. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन आईच्या गळ्यात पडले, आणि ती म्हणाली, सोड, तवा तापलाय.

समितीनं शिफारस केली की सरकार उत्तर देतं. ते उत्तर घेऊन समिती आणखी एक अहवाल काढते, कोणती शिफारस मानली, कोणती नाही, कशावर अजून विचार चालू आहे. आण्णांना ही पद्धत फार पटली. म्हणाले, हे तर आमच्यासारखंच झालं. चूक दाखवायची, उत्तर मागवायचं, मग तपासायचं. कोण म्हणतं सरकारात शिस्त नाही. ते रोज फोन करून विचारायला लागले, आलं का उत्तर? भाजी आणायला गेले तरी विचारायचे, आकुर्डीला डॉक्टरकडं गेले की बाहेरच्या बाकावरून विचारायचे. त्यांचं हृदय तेव्हा कुरकुरायला लागलं होतं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं होतं, दगदग नको म्हणून बजावलं होतं. वाट बघू नका असं काही डॉक्टर लिहून देत नाहीत.

पहिलं उत्तर आलं ते विचार चालू असल्याचं. आण्णा हिरमुसले नाहीत. पहिल्या फेरीत कुणीच कबूल होत नसतं म्हणाले, भोसरीचे सप्लायर असेच करायचे. आई मात्र करवादली. तिचा कागदांवर पहिल्यापासून राग. तिचं म्हणणं, कड कागदानं धरून ठेवता आली असती तर माझं पोरगं का गेलं असतं. आण्णा तिला समजवायचे की अगं, आधी कागद, मग सिमेंट. ती भांडी आपटायची. या सगळ्यात दोघांच्या मध्ये बसून मी दुसऱ्या देशांच्या सैन्यांबरोबर झालेल्या संयुक्त सरावांचा सारांश टाइप करायचे, सरांना तो दुसऱ्या दिवशी हवा असायचा.

वर्ष उलटल्यावर पुढचा अहवाल आला आणि त्यात आमचा परिच्छेद जागा बदलून पहिल्या गटात आला होता. शिफारस स्वीकारली आहे. शेजारी दोन ओळी, की आधाराच्या भिंतींची गरज सरकारला मान्य आहे आणि टप्प्याटप्प्यानं काम हाती घेण्यात येईल.

मी आण्णांना फोनवर तेवढंच वाचून दाखवलं. ते म्हणाले, म्हणजे भिंत झाली.

मी म्हटलं, नाही आण्णा, मान्य केली. बांधली असं नाही लिहिलेलं.

ते म्हणाले, स्वीकारली लिहिलंय ना?

मी त्याच दिवशी संध्याकाळी गेले, समोर बसून समजावलं. स्वीकारली म्हणजे नाही म्हटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी इतकी वर्षं हेच वाचते. त्यात पुढं टप्प्याटप्प्यानं लिहिलंय, याचा अर्थ कधी ते कुणालाच माहीत नाही. आण्णांना पटेना. त्यांच्या कंपनीत तो शब्द अख्ख्या आयुष्यात त्यांनी एकाच अर्थानं वापरला होता. पार्ट बदलला, बदललेला पार्ट हातात घेऊन मापला, मशिनपाशी जाऊन डोळ्यांनी बघितलं, आणि मगच त्यावर तो शिक्का. काम व्हायच्या आधी शिक्का मारणाऱ्याची नोकरी जायची. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या समितीला आमच्याएवढी पण अक्कल नसंल का? तू कधी शॉपफ्लोअरवर काम केलं न्हाईस, तुला न्हाई कळायचं.

माझा आवाज चढला. मी म्हटलं, दिल्ली म्हणजे तुमची चाकणची कंपनी नाहीये. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. त्यांनी आळीतल्या प्रत्येक घरात जाऊन पेढा दिला आणि प्रत्येक ठिकाणी सांगितलं की आमच्या पोराच्या रस्त्याला भिंत झाली. लोकांना धड काही कळलं नाही. त्यांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. आईनं खाल्ला नाही. मीही नाही.

पण मुरलेला इन्स्पेक्टर आनंदातही इन्स्पेक्टरच राहतो. स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय आण्णांचा शिक्का बसत नसे. तिथं जाऊन बघणं त्यांच्या हातात नव्हतं, सामान्य माणसाला तिकडं सोडत नाहीत आणि त्यांना तर आमच्या घराचा जिना सोसत नव्हता. म्हणून त्यांनी भावाच्या तुकडीतल्या एका जवानाला निरोप धाडला. तो खेडकडचा, भावाचा जिवाभावाचा मित्र. त्याच रस्त्यावर ट्रक चालवायचा. पेटीबरोबर तोही आला होता, आणि त्यानंतर सुट्टीवर आला की आईला भेटून जायचा. या खेपेला तो सुट्टीवर होताच. मी आण्णांना म्हटलं, कशाला बोलावता. ते म्हणाले, पेढा द्यायला.

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं म्हणत नाही. मला कळलंच होतं. तो यायच्या आधी त्याला फोन करून सांगावं असंही मनात आलं, आणि काय सांगायचं ते सुचेना. खोटं बोल म्हणून सांगायचं की खरं बोल म्हणून?

तो दुपारी आला, मोटरसायकलवर. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो म्हणाला, दोन्ही बाजूंनी नुसते कंटेनर. आईनं पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला. आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी त्याच्या हातात पेढा ठेवला आणि अहवालाची सगळी हकिगत सांगितली, पहिल्या शिफारशीपासून. तो पेढा हातात धरून ऐकत राहिला. मध्ये एकदा माझ्याकडं बघितलं त्यानं. मी नजर वळवली.

सगळं सांगून झाल्यावर आण्णांनी विचारलं, मग बघितलीस का भिंत?

तो म्हणाला, हो आण्णा. झाली भिंत. चांगली झालीय.

आण्णांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बास, आता इथंच थांबा. पण त्यांना सवय नव्हती थांबायची. त्यांनी हौसेनं विचारलं, कुठून कुठपर्यंत घेतलीय? तो म्हणाला, सगळ्या वळणाला. दगडी का काँक्रीटची? दगडी. मग त्यातून पाणी निघायला भोकं ठेवली असतील ना? तो म्हणाला, नाही, भोकं नाहीत, आणि मग लगेच म्हणाला, असतील, मी नीट बघितली नाहीत. आण्णा त्याला पकडायला विचारत नव्हते, हे मी शपथेवर सांगते. ज्या भिंतीची त्यांनी इतकी वाट बघितली तिच्याबद्दल त्यांना फक्त ऐकायचं होतं. पण उभा जन्म सप्लायरांची उत्तरं ऐकलेला माणूस. त्यांना कळलं.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आवाज अजिबात न चढवता ते म्हणाले, बाळा, खरं सांग. मी काय रागवायचो न्हाई.

त्यानं पेढा ताटलीत ठेवला. म्हणाला, भिंत नाहीये आण्णा. कडेनं चुना मारलेले दगड मांडलेत, पहिले होते तसेच. मोजणी करून गेले कोणतरी. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.

मी उठून त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले, पडले तर धरावं म्हणून. ते पडले नाहीत. त्यांनी विचारलं, मग तुम्ही चालवता कसं? त्यानं सांगितलं. त्या वळणावर आले की सोबतचा माणूस खाली उतरतो आणि कडेला चालत पुढं जातो, गाडी त्याच्या मागून हळूहळू घ्यायची. ड्रायव्हरनं आपल्या बाजूचं दार उघडं टाकायचं आणि एक पाय मोकळा ठेवायचा. कड सुटलीच तर उडी मारता यावी म्हणून. हे कुठं लिहिलेलं नाही, जुने ड्रायव्हर नव्यांना सांगतात.

मी असे किती अहवाल वाचले असतील. सगळ्या पानांच्या खाली, तिथं, माणसं दार उघडं टाकून चालवतात. मला एकदम भावाचं हसणं आठवलं, आणि हुंदका आला तो मी दाबून टाकला, कारण आण्णा पुढचं विचारणार हे मला दिसत होतं आणि त्यांना अडवायची माझी हिंमत नव्हती.

"त्यानं उघडं ठेवलं होतं?"

तो जवान त्या दिवशी मागच्याच ट्रकवर होता. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. आणि इतक्या वर्षांत आम्ही कुणी त्याला हे विचारलं नव्हतं, कारण आम्हाला विचारायचं ठाऊकच नव्हतं. तो खाली मान घालून म्हणाला, "नाही आण्णा. बंद होतं. त्या दिवशी वारा लई गार होता."

आण्णा बरं म्हणाले. एवढंच. गार वाऱ्याला कुठला पाना लागणार होता. त्यांनी मांडीवरचा चष्मा घेतला, घडी घातली, परत उघडला, पण डोळ्यांवर चढवला नाही. त्यानंतर त्यांनी मला अहवालाचं कधी विचारलं नाही. मी आपणहून सांगायला गेले तरी ते विषय बदलायचे, पाण्याचं काय झालं तुमच्या सोसायटीच्या म्हणून विचारायचे. मी आजही तेच काम करते. स्वीकारलेल्या शिफारशींचा गट आला की हात जड होतो, पण सरांना सारांश वेळेवर जातो.

त्या दुपारी तो जवान निघायला उठला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हाताला पीठ होतं, ती कणीक मळत होती. तिनं त्याला विचारलं, परत कधी जायचंय. तो म्हणाला, सुट्टी संपली की, या महिन्याअखेरीला. तो पाया पडायला वाकला तेव्हा तिनं पिठाच्या हातानं त्याचा दंड धरला.

"दार उघडं ठेव," ती म्हणाली. "किती बी गार लागू दे, हातपाय काकडू दे, पर लावून घेऊ नगंस."

तो हो म्हणाला. आईनं दंड सोडला नाही. तिनं त्याच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, आणि मगच त्याला जाऊ दिलं.